सतरा सप्टेंबरची कुळकथा

परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात दर 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा चढतो. या प्रथेचे मूळ 1948 सालच्या पाच दिवसांत आहे. 13 सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या; मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. मेजर जनरल चौधरी यांची मुख्य फळी सोलापूरकडून नळदुर्गावर गेली, मेजर जनरल ब्रार यांची औरंगाबादकडून आली. 17 ला संध्याकाळी निजामाने हार मानली, 18 ला त्याचे सेनापती एल एद्रूस चौधरींना शरण आले. म्हणजे ही तारीख राजधानीने शस्त्रे टाकल्याची आहे. मुलूख ताब्यात येणे ही वेगळी गोष्ट, आणि तिला फार वेळ लागला.

इतकी झपाट्याची चाल साधली ती वाटेत न रेंगाळल्यामुळे. 15 तारखेला जालन्यात गुरख्यांची एक कंपनी, म्हणजे शंभरेक माणसे, ठेवून बाकीची फौज लातूर, मोमिनाबादकडे वळली. जालन्यापासून रुळांच्या कडेने परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी अशी गावे लागतात; ती सगळी सांभाळायला ही शंभर माणसे पुरणारी नव्हती. संस्थानची फौज शरण आली, तरी खेड्यापाड्यांत विखुरलेले रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, काही पलटणीसारखे रांगेत येऊन शस्त्रे ठेवणार नव्हते, आणि त्यांच्या जुलमाचा सूड उगवणारे हातही मोकळेच होते. जुना अंमल कोसळला होता, नवा पोहोचला नव्हता. त्या पोकळीत काय झाले ते भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवले आहे: कारवाईत आणि तिच्यानंतर संस्थानभरात किमान 27 ते 40 हजार माणसे मेली. त्यांत मुसलमानच प्रामुख्याने होते. परभणीच्या शेजारचा नांदेड सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत होता. काही ठिकाणी सैनिकांचाही हात होता, असे समितीने लिहिले. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला, याचे दुःख वाटते.

यावर कोणी म्हणेल, फौज सावकाश गेली असती तर रझाकारांनी आणखी बळी घेतले असते. ते खरे आहे. वेग योग्यच होता. पण फौजेच्या पाठोपाठ पोलीस आणि मुलकी अधिकारी तितक्याच तातडीने गावोगाव पोचायला हवे होते. शरणागतीने सत्ता आपोआप हाती येते, हा दुसरा आक्षेप तर पुढच्या घटनाच खोडून काढतात. कारभारासाठी शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणावे लागले. निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खासचा मुलूख सरकारजमा झाला तो 1949 च्या फेब्रुवारीत, जहागिरी गेल्या त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. चौधरींचा लष्करी अंमल 1949 च्या अखेरपर्यंत चालला. परभणीच्या कुळाला आपले सरकार निवडायला मिळाले ते 1952 च्या निवडणुकीत.