केंद्रकाशेजारचा ठिपका

काळ्या आजाराच्या परजीवीत सूक्ष्मदर्शकाखाली दोन ठिपके दिसतात. एक मोठा आणि गोल, दुसरा त्याच्या शेजारी काडीसारखा बारीक. १९०३ साली विल्यम लीशमन यांनी डमडमच्या छावणीत आजारी पडून पुढे दगावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेतील या कणांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही ते सापडले. मोठा ठिपका केंद्रकाचा. काडी म्हणजे तंतुकणिकेतील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील) डीएनएचा गठ्ठा, हे कळायला मात्र काही दशके जावी लागली.

माणसाच्या तंतुकणिकेतील डीएनए म्हणजे १६,५६९ अक्षरांचे एकच कडे. ते १९८१ साली केंब्रिजमध्ये पूर्ण वाचले गेले; त्यात ३७ जनुके निघाली. त्या काडीत मात्र काही डझन मोठी आणि हजारो छोटी कडी चिलखतासारखी एकमेकांत ओवलेली असतात. शिवाय मोठ्या कड्यांवरची काही जनुके चक्क अर्धवट लिहिलेली! १९८६ साली ॲम्स्टरडॅममध्ये रॉब बेन्ने यांच्या गटाला अशीच काडी बाळगणाऱ्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीच्या आरएनएत चार अक्षरे जास्तीची आढळली. डीएनएत ती नव्हतीच. आरएनए तयार झाल्यावर पेशी ती भरते. कुठे काय भरायचे याचा नमुना मुख्यतः छोट्या कड्यांवरून येतो, हे १९९० पासून उलगडत गेले.

ट्रिपॅनोसोमाच्याच कुळातील सर्राच्या परजीवीने तर मोठी कडी टाकूनच दिली आहेत. घोडे आणि उंट खंगवणारा हा जीव ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान येथे शोधला. त्याच्या आफ्रिकी भाऊबंदांना त्सेत्से माशीच्या आतड्यात जगताना तंतुकणिकेची ऊर्जा लागते, आणि ती मोठ्या कड्यांवरच्या जनुकांवाचून मिळत नाही. जनावराच्या रक्तात साखर मुबलक, तिथे तिच्यावाचून भागते. मोठी कडी गेली तसा त्सेत्सेचा मार्ग बंद झाला. पण चावऱ्या माश्यांच्या सोंडेला चिकटून एका जनावरातून दुसऱ्यात जाता येत असल्याने हा परजीवी आफ्रिकेबाहेर दूरवर पसरला. माणसाच्या रक्तात तो सहसा टिकत नाही. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो आढळला, तेव्हा या रुग्णाच्या रक्तात परजीवीला मारणारे एक प्रथिनच नसल्याचे तपासात दिसले.

इतर परजीवींनी वेगळ्या वाटा धरल्या. हिवतापाच्या प्लाझमोडियमकडे सुमारे ६,००० अक्षरे आणि प्रथिनांची जेमतेम तीन जनुके उरली आहेत. त्यांतल्याच एका जनुकाच्या प्रथिनावर ॲटोव्हाक्वोन हे औषध घाव घालते. माणसाच्या अंगावरील उवेत एका कड्याऐवजी लहान लहान १८ कडी असल्याचे २००९ साली दिसले. प्रत्येकावर एक ते तीन जनुके. जिआर्डिया या आतड्यातील एकपेशीय परजीवीत तंतुकणिकेचा नुसता अवशेष राहिला आहे, त्यात डीएनए नाही. असे फक्त एकपेशीय जीवांतच घडते, हा समज २०२० पर्यंत टिकला. त्या वर्षी सॅमन माशाच्या मांसात राहणाऱ्या हेन्नेगुया या बहुपेशीय प्राण्यातही तंतुकणिकेचा डीएनए अजिबात नसल्याचे आढळले.