काचेवरची सावली: अमेरिकी मोटारींतील सनफिल्मचा इतिहास

मोटारीच्या काचांवर गडद फिल्म चढवून देण्याचा व्यवसाय आज अमेरिकेतील बहुतेक शहरांत आढळतो. त्याच्या इतिहासात १९६६ या वर्षाला विशेष महत्त्व आहे, कारण त्या वर्षी सूर्यप्रकाश अडवणाऱ्या खिडकीच्या फिल्मचे पेटंट थ्री-एम कंपनीला मिळाले आणि त्याच वर्षी ९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोटारवाहन सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. पहिल्या घटनेने काच काळी करण्याचे साधन दिले आणि दुसरीने ती किती काळी असावी हे ठरवण्याचा अधिकार संघराज्य सरकारच्या हाती दिला. फिल्मच्या रसायनशास्त्रात पुढे पुष्कळ प्रगती झाली हे खरे. परंतु या व्यवसायाला घडवले ते मुख्यतः संघराज्याचा नियम आणि राज्यांचे कायदे यांच्यामध्ये राहून गेलेल्या फटीने.

उन्हापासून बचाव करण्याची गरज अर्थातच त्याहून जुनी होती. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये वातानुकूलन यंत्र देऊ केले, तरी ते दीर्घकाळ श्रीमंतांपुरतेच राहिले. १९५० च्या सुमारास जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत हिरवट छटेची काच मिळू लागली, पण तो रंग काच ओततानाच तिच्यात मिसळलेला असल्याने आधी घेतलेल्या गाडीच्या मालकाला त्याचा उपयोग नव्हता. काचेवर द्रव रंग फवारण्याचे प्रयोग झाले, मात्र थर एकसारखा बसत नसे. ही अडचण दूर झाली ती पॉलिएस्टरच्या पातळ, चिवट आणि पारदर्शक पटलामुळे. व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये या पॉलिएस्टरचा शोध लावला आणि पुढच्या दशकात ड्यू पाँट कंपनीने त्याचे पटल ‘मायलार’ या नावाने बाजारात आणले.

या पटलाला रंग देण्याचे कसब मोटारधंद्यातून आले नाही, ते कापडधंद्यातून आले, आणि या इतिहासातील ही सर्वांत लक्षणीय गोष्ट मानावी लागेल. व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिणेकडील मार्टिन्सव्हिल हे गाव विणकामाचे आणि सुताचे केंद्र होते; ड्यू पाँटचा नायलॉनचा मोठा कारखाना तेथे १९४१ पासून चालू होता. तेथील मार्टिन प्रोसेसिंग ही कंपनी मुळात धागा रंगवण्याचे काम करी. पॉलिएस्टरच्या धाग्यात रंग मुरवण्याची विद्या तिने त्याच द्रव्याच्या पटलाला लावली आणि त्यातून ‘लुमार’ ही फिल्म पुढे आली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नायलॉनचा कारखाना बंद पडला, टल्टेक्स ही कपडे बनवणारी मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजारोंचा रोजगार बुडाला. फिल्मचा कारखाना मात्र मालक बदलत कोर्टोल्ड्‌स, सोल्युशिया आणि २०१२ पासून ईस्टमन यांच्या हाती जात शेजारच्या फील्डेल येथे चालू राहिला. फिल्मव्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे कार्यालयही मार्टिन्सव्हिललाच असावे, हे त्यामुळे स्वाभाविकच होय.

सुरुवातीच्या रंगवलेल्या फिल्म फार टिकत नसत. काळी छटा अनेक रंगद्रव्यांच्या मिश्रणातून साधलेली असे आणि त्यांपैकी काही उन्हाने आधी विटत, त्यामुळे काच जांभळी दिसू लागे आणि डिंक सुटला की फुगे येत. पुढे निर्वात कक्षात ॲल्युमिनियमसारख्या धातूचा अतिसूक्ष्म थर पटलावर बसवून, आणि त्यानंतर रेडिओलहरींना अडथळा न करणाऱ्या सिरॅमिक कणांचा उपयोग करून, हे दोष बरेच कमी करण्यात आले. कारागिराचे काम मात्र फारसे बदललेले नाही: साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या काचेवर फिल्म सरकवून बसवायची, रबरी पट्टीने खालचे पाणी निपटून काढायचे आणि डिंक वाळेपर्यंत दोन-तीन दिवस काच खाली करू नका असे गिऱ्हाइकाला बजावून सांगायचे. खरी परीक्षा असते ती दोन्ही दिशांनी वळलेल्या मागच्या काचेची. सपाट फिल्म त्या बाकावर बसत नाही म्हणून पूर्वी ती काचेवरील तापक तारांच्या रेषांवर कापून पट्ट्यापट्ट्यांनी जोडली जाई. हीट गनच्या गरम हवेने ती आकसवून अखंड बसवण्याची रीत रुळली, तेव्हा या कामाला कौशल्याची प्रतिष्ठा आली.

१९६८ पासून लागू झालेल्या संघराज्य मानक क्रमांक २०५ नुसार प्रवासी मोटारीच्या काचांतून किमान ७० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. फिल्मचा आकडा म्हणजे ती आरपार जाऊ देते त्या प्रकाशाची टक्केवारी, म्हणून तो जितका लहान तितकी ती गडद. ५ टक्क्यांच्या फिल्मला तेथे ‘लिमो’ म्हणतात. परंतु मूळ काचही थोडा प्रकाश अडवते, त्यामुळे ७८ टक्के प्रकाश जाऊ देणाऱ्या काचेवर ३५ टक्क्यांची फिल्म लावली की उरतो सुमारे २७ टक्के आणि ७० टक्क्यांची लावली तरी ५५ टक्क्यांच्या आसपासच. ७० टक्क्यांची अट पाळायची तर जवळजवळ रंगहीन, ९० टक्क्यांची फिल्मच लावावी लागेल. संघराज्य कायद्याचे हे बंधन उत्पादक, विक्रेते आणि दुरुस्ती-व्यावसायिक यांच्यावर आहे, स्वतःच्या गाडीत बदल करणाऱ्या मालकावर नाही. मालकाचे नियमन राज्यांकडे आहे. म्हणून पुढच्या बाजूच्या काचांना न्यूयॉर्कमध्ये ७० टक्के, फ्लोरिडात २८ आणि टेक्ससमध्ये २५ टक्के अशा वेगवेगळ्या मर्यादा आहेत, तर न्यू जर्सीत वैद्यकीय कारणाशिवाय त्यांना फिल्म लावताच येत नाही. संघराज्याच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मात्र, राज्याने सूट दिली तरी दुकानदार आपल्या बंधनातून सुटत नाही, असाच अर्थ लावला आहे. व्हॅन आणि एसयूव्ही यांना चालकामागील काचांपुरती ७० टक्क्यांची अट नसल्याने त्या कारखान्यातूनच काळ्या काचांसह येतात आणि पुढच्या काचा मागच्यांशी जुळवून देणे हे दुकानांचे नित्याचे काम बनले आहे.

मराठी वाचकाला ७० हा आकडा परिचित आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या १०० व्या नियमाने पुढच्या व मागच्या काचेसाठी ७० आणि बाजूच्या काचांसाठी ५० टक्के पारदर्शकता ठरवली आहे. त्याच आधारे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी, अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देताना, बाहेरून लावलेल्या काळ्या फिल्मवर देशभर बंदी घातली. असा एकच आदेश अमेरिकेत निघाला नाही आणि तेथे हा प्रश्न रस्त्यावरच्या पोलिसाच्या नजरेवर सोपवला गेला. ही व्यवस्था न्याय्य ठरली नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. वाहतुकीचा खरा नियमभंग दिसला की पोलिसाचा अंतस्थ हेतू गौण ठरतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या व्रेन खटल्यात मान्य केल्यावर गडद काच हे गाडी थांबवण्याचे सोयीचे निमित्त झाले आणि अशा निमित्तांची झळ कृष्णवर्णीय चालकांना अधिक बसते, ही तक्रार बळावत गेली.

तिची दखल घेणाऱ्या राज्यांत व्हर्जिनिया होते, म्हणजे ज्या राज्यात ही फिल्म रंगवली जाते तेच राज्य. पुढच्या बाजूच्या काचांसाठी ५० आणि मागच्यांसाठी ३५ टक्के ही तेथील मर्यादा कायम आहे. परंतु २०२० च्या विशेष अधिवेशनात संमत होऊन १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार केवळ काचेच्या फिल्मसाठी गाडी थांबवता येत नाही आणि तशी ती थांबवून मिळवलेला पुरावा, चालकाने झडतीस संमती दिलेली असली तरी, न्यायालयात ग्राह्य धरला जात नाही.