पायथन: चालू प्रोसेसचे आउटपुट लगेच का दिसत नाही?

पायथनच्या एका प्रोग्रॅममधून दुसरा प्रोग्रॅम सुरू केला, की त्या दुसऱ्याला चाइल्ड प्रोसेस म्हणतात. मोठा बॅकअप, व्हिडिओचे रूपांतर अशी तासभर चालणारी कामे अनेकदा अशीच चालवली जातात. स्क्रीन कोरी दिसते, काम अडकले असे वाटून आपण ते बंद करतो आणि झालेले कामही वाया जाते.

चालू असताना कसे वाचायचे?

'सबप्रोसेस' मॉड्यूलमधले 'रन' हे फंक्शन काम संपेपर्यंत थांबते आणि पकडलेले आउटपुट शेवटी एकदम देते. मधे मधे वाचायचे असेल तर 'पोपेन' वापरा, स्टँडर्ड आउटपुटला पाइप जोडा आणि 'फॉर' लूपने एकेक ओळ वाचा.

तरीही ओळी येत नाहीत?

मग अडचण बहुधा लिहिणाऱ्याकडे असते. बरेच प्रोग्रॅम टर्मिनलवर प्रत्येक ओळ लगेच पाठवतात; पाइपमध्ये लिहिताना मात्र ओळी बफरमध्ये साठवतात. वडापची जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही, तसेच हे.

उपाय:

• चाइल्ड पायथनमध्येच लिहिलेला असेल, तर तो 'उणे यू' पर्याय देऊन चालवा किंवा त्यातल्या 'प्रिंट'मध्ये 'फ्लश' चालू करा.
• तो दुसऱ्या भाषेतला असेल, तर लिनक्सवर 'एसटीडीबफ' ही कमांड अनेकदा उपयोगी पडते. तिनेही भागले नाही, तर 'पीटीवाय' मॉड्यूलने त्याला खोटे टर्मिनल देता येते.

खरोखरच अडकते तेव्हा

लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. पाइप न वाचता तुम्ही 'वेट' म्हणालात आणि तो भरला, तर चाइल्ड जागा होण्याची वाट बघतो आणि तुम्ही चाइल्ड संपण्याची. दोघेही कायमचे थांबतात. एररसाठी वेगळा पाइप ठेवून तो वाचला नाही, तरी हेच होते. म्हणून एरर स्टँडर्ड आउटपुटमध्येच मिसळा. सगळे शेवटी मिळाले तरी चालणार असेल, तर 'वेट'ऐवजी 'कम्युनिकेट' वापरा.

बंद करण्याआधी तपासा

लिनक्स किंवा मॅकवर तोच प्रोग्रॅम लहानशा कामासाठी आधी थेट टर्मिनलवर चालवा, मग त्याचे आउटपुट पाइपने 'कॅट' कमांडकडे द्या. पहिल्या वेळी ओळी लगेच दिसल्या आणि दुसऱ्या वेळी उशिरा आल्या, तर कारण बफर आहे. काम अडकलेले नाही.