कोल्हापूरचा समुद्र, आणि आमची ९ मेची राहुटी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'आंबे कुठनं आणले?' आणि दुसरं, 'चला की मालवणला!' आमच्या घरात यंदा दुसरं वाक्य माझ्या भाच्यानं टाकलं. तो आठवीत गेलाय, त्याची बहीण पाचवीत. हॉटेल नको, समुद्रावर तंबू ठोकून राहायचं, असा हट्ट. मी लगेच हो म्हणालो. माझे दोन मित्रही तयार झाले. आणि आम्ही अर्ध्या तासात तारीख काढली: ३० आणि ३१ मे. शनिवार-रविवार, वर ३१ ला पौर्णिमा, आणि मेअखेरीला गर्दी ओसरल्यामुळं राहण्याचे दर उतरलेले. म्हणजे नाद खुळा बेत!

मग ताईला विचारलं. ती म्हणाली, "समुद्र आहे तो, रंकाळा नव्हे. पोरं पाठवीन, पण तुला त्यातलं काय कळतं ते आधी सांग."

खरं सांगायचं तर काहीच कळत नव्हतं. म्हणून वाचायला बसलो. आजचा भाग त्यातूनच निघालाय.

पहिली गोष्ट रस्त्याची. कोल्हापुरातून निघालं की साधारण ५५ किलोमीटरवर गगनबावडा. तिथून करूळ घाटानं किंवा भुईबावडा घाटानं खाली कोकणात उतरायचं. करूळनं गेलं की वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल, मालवण. आपण बावड्याला काय करतो? गाडी थांबवतो, भजी खातो, धुक्यात फोटो काढतो. पण हे बावडा म्हणजे पंत अमात्यांच्या जहागिरीचं गाव. आणि त्या घराण्यातले रामचंद्रपंत अमात्य म्हणजे 'आज्ञापत्र' लिहिणारे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतले, पुढं राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचं राज्य सांभाळणारे, आणि शेवटी कोल्हापूरच्या गादीचे. आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं, दुसऱ्या संभाजीराजांच्या काळातलं, म्हणजे आपल्या कोल्हापूर-पन्हाळ्याच्या दरबारातलं.

या आज्ञापत्रात आरमारावर वेगळं प्रकरण आहे. आपल्याला शाळेत त्यातला झाडांचा भाग सांगतात: जहाजांसाठी लाकूड लागतं, पण रयतेची आंब्याफणसाची झाडं जबरदस्तीनं तोडू नका. तो भाग मोठा आहेच. मला मात्र यावेळी दुसरंच सापडलं. पावसाळ्यात आरमार कुठं ठेवायचं, याच्याही सूचना त्यात आहेत. खवळलेल्या समुद्रावर जहाजं ठेवायची नाहीत, किल्ल्याचा आसरा असलेल्या बंदरात आणून लावायची, आणि दरवर्षी एकाच बंदरात नको. या मुक्कामाला शब्द आहे 'छावणी'.

आता गंमत बघा. आपण कॅम्पिंगला मराठी शब्द शोधतो तेव्हा छावणी हाच पहिला सुचतो. पण छावणी मुळात 'छावणे' वरून, म्हणजे छप्पर घालणे, शाकारणे. मोहिमेत रोजच्या मुक्कामाला तंबू, राहुट्या, पालं असायची. पाऊस लागला की मोहीम थांबायची, फौज एका जागी छप्परं घालून बसायची, ती छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन करून परत बाहेर. समुद्रावरही तेच कॅलेंडर. आजही मालवणात, देवगडात मे सरत आला की होड्या किनाऱ्यावर वर ओढून घेतात आणि माडाच्या झावळ्यांच्या झापांनी झाकतात. मग नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून नव्या हंगामाला सुरुवात. सरकारची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, आणि पर्यटकांच्या होड्या, वॉटर स्पोर्ट्स, सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी हे सगळं २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद. सरकारी परिपत्रक वाचताना आपल्याला वाटतं, हे कुणीतरी मंत्रालयात बसून ठरवलं. त्यामागचं शहाणपण तीनशे वर्षांपूर्वी बावड्याच्या पंतांनाही ठाऊक होतं.

आणि आम्ही तारीख काढली होती ३० मे!

म्हणजे किल्ल्यावर जायला होडीच नाही. दर का उतरले होते, तेही कळलं. ताईला हे मी सांगितलं नाही अजून, पण ती हा भाग ऐकेलच.

तुम्ही म्हणाल, पाऊस तर जूनमध्ये येतो, पाच-सात दिवसांनी काय बिघडतं? २०२५ आठवा. २५ मेला मान्सून देवगडपर्यंत येऊन पोचला होता. तारखा पंचांगासारख्या पाळायची सवय पावसाला नाही. त्याआधी २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ १६ मेला सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड पडले, घरांची कौलं उडाली, नांगरलेल्या होड्या फुटल्या. म्हणजे मेच्या मध्यालाही हवामान खात्याचा अंदाज बघूनच घर सोडायचं. शाळा सुटतात मेच्या तोंडावर, होड्या बंद होतात २५ ला. दीड महिन्याच्या सुट्टीत समुद्राच्या वाट्याला जेमतेम तीन आठवडे येतात.

आता थोडं विषयांतर, पण कोल्हापूरकरांनी हे ऐकायलाच पाहिजे. आपल्याला समुद्र म्हणजे दुसऱ्याच्या जिल्ह्यात जाऊन बघायची गोष्ट वाटते. एकेकाळी तो आपला होता. शब्दशः. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींच्या ताब्यात होते. सिंधुदुर्गाचं काम शिवाजी महाराजांनी १६६४ ला कुरटे बेटावर सुरू केलं, हे सगळ्यांना माहिती असतं. पुढच्या दीडशे वर्षांचं फारसं कुणी बोलत नाही. अठराव्या शतकात कोल्हापूरची गलबतं मालवणातून निघायची, आणि इंग्रजांच्या व्यापारी जहाजांना त्यांची इतकी धास्ती की इंग्रजांनी या दर्यावर्दींचं नावच 'मालवन्स' पाडलं होतं. इंग्रजांच्या कागदात ते चाचे आहेत. आपल्या बाजूनं बघितलं तर आपल्या पाण्यातून जाताना दस्तक घ्या, जकात द्या, नाहीतर जहाज धरू, असा तो मामला होता. दोन्ही बाजू धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या, असं माझं मत.

१७६५ ला इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याला नाव दिलं फोर्ट ऑगस्टस. विचार करा, आपल्या सिंधुदुर्गाला ऑगस्टस! तेव्हा कोल्हापूरचा कारभार महाराणी जिजाबाई बघत होत्या. (या जिजाऊ नव्हेत, दुसऱ्या संभाजीराजांच्या राणी. गल्लत होते म्हणून सांगतो.) किल्ला ठेवणं इंग्रजांना परवडेना. १७६६ ला तह झाला. आमच्या व्यापाराला त्रास द्यायचा नाही, आणि पावणेचार लाखांहून जास्त रुपये द्यायचे, या बोलीवर किल्ला कोल्हापूरला परत मिळाला. मग १८१२ आला. त्या वर्षीच्या तहात कोल्हापूरनं मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांना दिले, आणि बदल्यात बाहेरच्या हल्ल्यांपासून संरक्षणाची हमी मिळाली. पटवर्धन, पेशवे, निपाणकर अशा लढायांनी कोल्हापूर तेव्हा थकलं होतं. सही झाली आणि आपल्या राज्याचं बंदर गेलं.

त्यानंतर आपण घाटावरचे झालो. कोल्हापूरला पंचगंगा राहिली, रंकाळा राहिला, पोहणारी पोरं राहिली. पण भरतीची वेळ तोंडपाठ असणारी माणसं खाली राहिली. नातं मात्र पूर्ण तुटलं नाही. सिंधुदुर्गावर शिवराजेश्वराचं मंदिर आहे, शिवाजी महाराजांचं, राजाराम महाराजांनी उभारलेलं. त्याचा सभामंडप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला आपल्या राजर्षी शाहूंनी. किल्ला हातात नसताना.

तर भरतीची वेळ. हे मला शिकवलं मित्राच्या आत्तीनं. ती मालवणजवळच्या एका गावात दिलेली, तिच्या घरामागं माडाची वाडी आणि वाडीपलीकडं समुद्र. पौर्णिमेला वाळूवर तंबू टाकणार म्हटल्यावर ती फोनवर हसायलाच लागली. "पुनवेक उधाण येता, ठावक आसा मा तुका?"

मग तिनं हिशोब सांगितला. कोकणात हा जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन: दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष बदलला की मोजणी परत एकपासून. कारण सोपं आहे: चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरती त्याच्या मागं मागं सरकते. गावागावाप्रमाणं अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो, त्यामुळं शेवटी स्थानिक माणसाला विचारायचं. पण मोबाईलला रेंज नसताना हे गणित कामाला येतं.

आता आमचा पहिला बेत या गणितात घालून बघा. पौर्णिमेची रात्र, म्हणजे उधाण, सगळ्यात मोठी भरती. ती येणार रात्री अकरा-साडेअकराला, नेमकं पोरं झोपल्यावर. संध्याकाळी पाचला बघाल तर ओहोटी संपत आलेली, भलीमोठी कोरडी वाळू, आणि घाटावरचा माणूस म्हणणार, वा, काय जागा आहे! मी हेच म्हणणार होतो. मोसमी वारं सुरू झालेलं असतं तर पाणी आणखी आत आलं असतं.

म्हणून तारीख बदलली. ९ मे, शनिवार. ९-१० ला वैशाख वद्य अष्टमी आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं. पूर्ण भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे चार ते साडेपाच चढत्या पाण्यात पोरांना गुडघाभर भिजू द्यायचं आणि बाहेर काढायचं. मध्यरात्री समुद्र सगळ्यात लांब. सकाळी सहापासून ओहोटी, म्हणून सकाळी पाण्यात कुणीही उतरायचं नाही, हा आत्तीचा नियम. ओढ आत नेते. चांदणं हुकणार, चंद्रच रात्री एकच्या सुमाराला उगवणार. पण अंधारात तारे दिसतील, असं भाच्याला पटवलंय. तो खूश नाही.

वाळूवर राहुटी नाहीच. आत्तीच्या वाडीत टाकायची, आणि तिथंही माडाखाली नको, नारळ डोक्यात पडतो. किनाऱ्यावर शेकोटी आणि मोठे लाईट नाहीत. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, मेपर्यंत पिल्लं बाहेर पडतात, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालत सुटतात. होड्या आणि जाळी ठेवायची जागा कोळ्यांची, तिथं पसारा मांडायचा नाही.

काल हे सगळं कागदावर लिहून ताईकडं नेलं. तिनं वाचलं. पाऊणपटीचं गणित स्वतः दोनदा करून बघितलं. मग कागदाच्या खाली पेनानं लिहिलं, 'लाईफ जॅकेट दोन, स्वतःची', आणि पोरांच्या बॅगा काढायला माळ्यावर चढली.