नवे बाळ आणि थोरल्या अपत्याचे मन

घरात दुसरे अपत्य जन्मले की सर्वांचे लक्ष नवजात बालकाकडे लागते. त्याच सुमारास दोन ते पाच वर्षांच्या थोरल्या मुलाचे वागणे बदलू लागते. पुन्हा अंथरूण ओले करणे, बोबडे बोलणे, बाटलीने दूध मागणे, आईला बिलगून राहणे, प्रसंगी बाळाला चिमटा काढणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. पालकांना हा हट्टीपणा वाटतो. प्रत्यक्षात आई दुरावल्याची भीती मूल अशा रीतीने व्यक्त करीत असते.

नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न अधिक जाणवू शकतो. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. दुसऱ्या वेळी मात्र थोरल्याची शाळा व वडिलांची नोकरी यांमुळे ते पुष्कळदा याच शहरात करावे लागते. गावाहून आलेल्या आजीचा बराचसा वेळ बाळ-बाळंतिणीची मालिश, शेक आणि पथ्यपाणी यांत जातो. आई रुग्णालयात असताना थोरले मूल कदाचित प्रथमच तिच्याविना रात्र काढते. पुढे आजी गावी परतली, की हक्काचे आणखी एक माणूस दुरावते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद आहे. धाकट्या भावंडाच्या जन्मानंतर बहुसंख्य लहान मुले थोडीफार अस्वस्थ होतात. ही अस्वस्थता असाधारण तीव्र किंवा दीर्घकाळ टिकणारी असेल आणि तिच्यामुळे मुलाच्या इतरांशी वागण्यातही बिघाड दिसत असेल, तरच तिला विकार समजावे, असे त्यात म्हटले आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या ब्रेंडा व्हॉलिंग यांनी २४१ कुटुंबांची गर्भारपणापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पाहणी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार बहुतेक मुले हा बदल चांगल्या प्रकारे पचवतात.

पालकांच्या वागण्याचाही येथे मोठा वाटा असतो. ब्रिटनमधील जूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिज परिसरातील ४० कुटुंबांचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. बाळाला भूक लागली असेल का, ते का रडत असेल, याविषयी ज्या माता थोरल्याशी बोलत असत, त्यांच्या मुलांमध्ये पुढे अधिक जिव्हाळा दिसून आला.

याउलट, ‘आता तुझे लाड संपले’ ही नातेवाइकांची थट्टा मुलाला खरी वाटते. ‘तू आता मोठा झालास’ असे वारंवार बजावल्याने त्याच्यावरील ओझे वाढते. शाळेत घालणे, वेगळे झोपवणे, शी-शूची सवय लावणे हे बदल प्रसूतीच्या बरेच आधी करावेत किंवा काही महिने पुढे ढकलावेत. दिवसातून थोडा वेळ आईने केवळ थोरल्यासाठी राखून ठेवावा. अंघोळ, जेवण, गोष्ट सांगणे यांत वडिलांनी पुढाकार घ्यावा. बारशाला घुगऱ्या वाटण्यासारखे छोटे काम दिल्यास समारंभ आपलाही आहे, असे मुलाला वाटते. त्याने बाळाला मारल्यास हात धरून ठामपणे थांबवावे, परंतु मारू नये. लहान मुलाला बाळाजवळ एकटे सोडणेही टाळावे.

मूल अनेक आठवडे नीट जेवत वा झोपत नसेल, कोणाशी बोलत नसेल किंवा बाळाला वारंवार इजा करीत असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बंगळुरूत राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजेच निम्हान्समध्ये, बालक व किशोरवयीनांसाठी स्वतंत्र मनोविकार विभाग आहे. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचे शिखर केंद्रही हीच संस्था आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.

बाळ नजरेला नजर देऊन हसू लागले, की बऱ्याच घरांतील ताण हळूहळू निवळतो. तोपर्यंत थोरल्यालाही बाळाइतकीच मायेची गरज असते.