बांधून ठेवलेला रुमाल

बऱ्हाणपुरात बुधवारा, इतवारा, शनवारा अशी वारांची नावे धारण करणारे मोहल्ले आहेत, आणि त्यांतून चालताना या शहरावरून किती अंमल गेले याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १४०० च्या सुमारास फारुकी नासिरखानाने वसविलेले हे शहर १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर मोगलांचे झाले, १७६० मध्ये निजामाकडून पेशव्यांकडे, १७७८ मध्ये शिंद्यांकडे आणि १८६० मध्ये इंग्रजांकडे गेले. मराठी दप्तराची रीत अशी, की जो कागद आज लागत नाही तो फाडीत नसत. रुमालात गुंडाळून, गाठ मारून, फडताळात ठेवीत. रक्ताचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला या रुमालाचीच वारंवार आठवण झाली, कारण तेथेही अंमल बदलला म्हणून जुने दप्तर नष्ट होत नाही.

अस्थिमज्जेतील एकाच मूलपेशीपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका निर्माण होतात, हे टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक यांच्या १९६१ पासूनच्या प्रयोगांनी दृढ झाले. या सर्वांच्या वाट्याला आलेले जनुकांचे दप्तर एकच. भेद पडतो तो कोणता रुमाल सोडला आणि कोणता बांधला याने. सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि जेथे ही गुंडाळी घट्ट होऊन धाग्यावर मिथिल गटांच्या गाठी बसतात, तेथील मजकूर सहसा वाचला जात नाही. तांबडी पेशी तर अखेरीस केंद्रकच, म्हणजे सारे दप्तरच, बाहेर टाकते आणि हिमोग्लोबिनने भरलेल्या अंगाने सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहत राहते. अक्षर न बदलता वाचन बदलणाऱ्या या बंदोबस्तास अधिजनुकीय नियंत्रण म्हणतात.

गर्भाचे हिमोग्लोबिन आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यास अधिक समर्थ असते. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचा गॅमा जनुक बांधला जातो आणि बीटा जनुकाचा अंमल सुरू होतो. बहुतेकांना या खांदेपालटीची जाणीवही होत नाही. परंतु ज्या बालकास आई आणि बाप दोघांकडून सिकलसेलचा सदोष बीटा जनुक मिळाला, त्याचा निरामय काळ येथेच संपतो: तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, चिमुकल्या हातापायांची बोटे सुजतात, हाडे ठणकतात. तान्हेपणी हे मूल सुरक्षित राहते ते गर्भाच्या हिमोग्लोबिनमुळे, असे न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच सुचविले होते.

हा विकार आमच्या मुलखाचा आहे. बऱ्हाणपूर ज्यात येते तो निमाड आणि नागपूर जवळजवळ शतकभर एकाच प्रांताच्या कारभारात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिला. पुढे १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि हा विकार नव्या सीमेच्या दोन्ही अंगांना, आदिवासी वस्त्यांत आणि इतर समाजांतही, असल्याचे क्रमाने उघड होत गेले. भारतातील पुष्कळ रुग्णांत गर्भाच्या हिमोग्लोबिनचा रुमाल पुरता बांधलेला नसतो, म्हणून त्यांचा आजार सौम्य राहतो. तथापि विदर्भात तीव्र वेदना भोगणारी मुले थोडी नाहीत, आणि सौम्यतेच्या या लौकिकावर विसंबून निर्धास्त राहणे मला सर्वथा गैर वाटते.

बांधलेली गाठ सोडविता येते, हे १९८२ मध्ये अमेरिकेत दिसले: मिथिलच्या गाठी सैल करणाऱ्या अझासायटिडीनने थॅलेसेमियाच्या एका रुग्णात गर्भाचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढले. ही गाठ मारण्यात बीसीएल११ए या प्रथिनाचा मोठा हात आहे, हे २००८ मध्ये कळले, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने या प्रथिनाला मूलपेशीतच आवर घालणारा उपचार मान्य केला. सातपुड्यातील घरांना तो आज परवडणारा नाही. त्यांना हायड्रॉक्सियुरिया या औषधाच्या गोळीचा आधार आहे. २०२३ मध्येच, १ जुलै रोजी, शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पहिल्या तपासणीस बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब पुरतो; सोयरीक जुळविण्यापूर्वी वधूवरांच्या दोन्ही घरांनी तेवढा अवश्य द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.