नाव, बापाचे नाव, मुक्काम वणी

नकाशावर दोन वणी आहेत. एक यवतमाळ जिल्ह्यातली, निर्गुडेच्या काठची, कोळसा खाणींच्या मुलखातली. दुसरी नाशिक जिल्ह्यात, सप्तशृंगीच्या वाटेवरची. महायुद्धात मेलेल्या शिपायाच्या नोंदीत नुसते ‘वणी’ असले, तर वारस कुठे शोधायचा? त्यात पहिल्या वणीचे इंग्रजी दप्तरातले रूप ‘वून’, आणि १९०५ पर्यंत आजचा यवतमाळ जिल्हाही याच नावाने ओळखला जाई. वऱ्हाडातली फौजभरती कोकण-साताऱ्याच्या मानाने कमीच. पण जे गेले, त्यांचा माग एवढ्याशा शब्दावर अडतो.

दगड मिळणे त्या मानाने सोपे. १९१७ साली स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना सारखी शिळा, असे तत्त्व ठरवले. हिंदू जवानाच्या शिळेवर ‘ॐ भगवते नमः’ नागरीत कोरतात. ज्याचे दहन झाले किंवा देहच सापडला नाही, त्याचे नाव स्मारकाच्या भिंतीवर.

तत्त्व किती पाळले, ते इराकमधल्या बसऱ्यात दिसते. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली आणि कैद्यांची वाळवंटातून पायपीट सुरू झाली. कित्येक परतले नाहीत. मेसोपोटेमियातल्या मृतांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणवार आकडा आला. आणि त्याच्याही शंभर वर्षे आधी कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ईस्ट इंडिया कंपनीने मेलेल्या शिपायांची नावे कोरली होती! तिथे जमले ते इथे का जमू नये?

२०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने कबुली दिली: पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे, मुख्यतः आशियाई-आफ्रिकी, स्मरण असमान झाले, आणखी किमान १ लाख १६ हजारांची नावानिशी नोंद नाही, किंवा नोंदच नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी बऱ्या. अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, गाव, जिल्हा असे पुष्कळदा सापडते. १० जुलै १९४४ ला इटलीत पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांना थडगे नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानेही त्यांच्या नावे स्मारक उभारले. पदक नसलेल्यांसाठी मात्र जुना ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड, इथपासून सुरुवात करावी लागते.

वणीकडच्या शोधात उपयोगी पडतात ती घरगुती वाटावीत अशी कागदपत्रे. जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, वारसाची फेरफार नोंद, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. पलटण कळली तर बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. यातले फेरफार सर्वांत भरवशाचे, कारण जमिनीचा वारस कुणी विसरत नाही. पुरावा जुळला तर कमिशन आजही सुटलेले नाव घेते. अट एवढीच: पहिल्या महायुद्धातला मृत्यू ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचा हवा. युद्धातले दुखणे घेऊन घरी आलेला आणि त्या वर्षीच्या दिवाळीत गेलेला शिपाई या यादीत बसत नाही.